ऊन साठवावे कोठे आणि अडवावे कोठे?



गळीत हंगाम उरकला की खोडव्याच्या पाहणीसाठी आमची फिरती सुरू होते. अशाच एका फिरतीत एका सभासदाच्या दारी चहाला बसलो होतो. उसाच्या बिलातून बांधलेले स्लॅबचे घर, गुळगुळीत गिलावा, पुढे फरशी. पण म्हातारी आई मात्र बाज टाकून गोठ्यात, पाल्याच्या छपराखाली. "आजी, घरात का नाही?" असे विचारले तर म्हणाल्या, "साहेब, दिवस कसाबी निघतोय, पर रातच्याला वरनं तापल्या तव्यागत धग येती."

पै-पै साठवून बांधलेल्या घरात म्हाताऱ्या माणसाला झोप लागत नसेल, तर चुकले कोठे हे पाहिले पाहिजे. त्यासाठी उष्णता साठते कशी, हे आधी समजून घेऊ.

ऊन धरणे आणि ठेवणे

आपला ऊस म्हणजे उन्हाचाच साठा. पानांनी धरलेले ऊन रसात आणि चोथ्यात उतरते, आणि तोच चोथा, म्हणजे बगॅस, जाळून बॉयलरात वाफ करतात. पण उन्हाची उष्णता सरळ वापरायची म्हटली की अडचण येते. निरभ्र दुपारी १ चौरस मीटर जागेवर सुमारे १,००० वॅट इतके ऊन पडते. गरज मात्र पहाटे नाही तर रात्री. म्हणून साठवण हाच कळीचा प्रश्न ठरतो.

साठवणीला सर्वांत स्वस्त वस्तू म्हणजे पाणी. १०० लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर नेले की त्यात सुमारे ४ युनिट विजेइतकी उष्णता साठते. टाकीला जाड वेष्टन असेल तर ती सकाळपर्यंत टिकते. छपरावरचा सौर बंब याच तत्त्वावर चालतो.

आपल्या ऊसपट्ट्यातलेच उदाहरण घ्या. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशी यांनी १९८० च्या दशकात गोड ज्वारीच्या रसापासून अल्कोहोल काढण्याचा प्रयोग केला. ऊर्ध्वपातनाची उष्णता ३८ चौरस मीटर सौर पेट्यांनी तापवलेल्या पाण्यातून घेतली, आणि ते पाणी ठेवायला दोन हजार लिटरांवरची टाकी जोडली. पुढे २००६ साली लातूरच्या महानंद डेअरीत १६० चौरस मीटरची आरशांची थाळी बसली. मुंबईच्या आय.आय.टी.तील संशोधनातून ती तयार झाली होती. तिच्या उष्णतेवर दुधाचे पाश्चरीकरण केले. पाणी दाबाखाली ठेवले की १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही, हा त्यातला मुद्दा.

न मागितलेला साठा

आता आजींच्या घराकडे वळू. पाच इंची स्लॅबचे वजन दर चौरस मीटरला सुमारे ३०० किलो. वैशाखातल्या दिवसभरात तो सरासरी १५ अंशांनी तापला, असे धरा. मग ५०० चौरस फुटांच्या स्लॅबमध्ये साधारण ५० युनिट उष्णता मुरते. दीड हजार वॅटची शेगडी सलग ३३ तास चालवावी, एवढी ही धग! ती खाली उतरायला काही तास लागतात. त्यामुळे सूर्य मावळला तरी स्लॅब तापलेलाच, आणि मध्यरात्रीपर्यंत आपल्या डोक्यावर धग ओततो. फलटणला मुद्दाम टाकी बांधून जे साधले, ते आपण छतावर नकळत करून ठेवले आहे.

गावोगावचे शहाणपण

आम्ही मूळचे पालघर तालुक्यातल्या माकुणसारचे. तिकडच्या जुन्या घरांना उतरती कौले आणि पुढे-मागे पडवी. कौल पातळ, त्यामुळे त्यात उष्णता फार साठत नाही. फटींतून तापलेली हवा वर निघून जाते आणि पडवी भिंतीवर ऊन येऊ देत नाही. तिकडे समुद्रामुळे हवा दमट, म्हणून पाण्याचा कूलर कुचकामी. ३४ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असेल, तर पाण्याने हवा फार तर २९ अंशांपर्यंत उतरते, आणि अंग चिकट होते ते वेगळेच. इकडे देशावर ४० अंश आणि २० टक्के आर्द्रता असताना तोच कूलर २५-२६ अंशांपर्यंत नेतो. मात्र खिडकी किलकिली हवी. कोंडलेली हवा ओली झाली की इथेही माकुणसारच होते!

सभासदांनी काय करावे?

१) स्लॅबला चुना लावावा. "चुना लावणे" हा शब्द बदनाम आहे, पण इथे लाभ मालकाचाच. कारखान्यात रस निवळायला वापरतात, तोच हा पदार्थ. चुना रात्रभर भिजवून गाळावा, थोडा डिंक मिसळावा आणि स्लॅब ओला करून सकाळी लवकर दोन हात द्यावेत. ताजा पांढरा थर बहुतेक ऊन परतवतो. पावसाने तो निघतो, म्हणून दर फाल्गुनात पुन्हा द्यावा. चुना डोळ्यांत व अंगावर उडू देऊ नये; पोरांना लांब ठेवावे.

२) स्लॅबवर पाच-सहा फूट उंच मांडव करून दुधी, घेवडा चढवावा. सावली आणि स्लॅब यांच्यामध्ये वारा खेळला पाहिजे.

३) ऊन चढले की खिडक्या लावाव्यात आणि रात्री सताड उघडाव्यात.

४) पाचट स्लॅबवर पसरू नये; ठिणगी पडली तर घर जाईल. पाचटाची जागा खोडव्याच्या सरीत. तिथे ते जमिनीवर सावली धरते आणि ओल राखते. रानाला आच्छादन हवे तसे घरालाही हवे, एवढेच आमचे सांगणे.

त्या सभासदाने पाडव्याआधी चुन्याचे दोन हात दिले. परवा गेलो तेव्हा आजींची बाज माजघरात होती. "आता झोप येती का?" विचारले तर हसून म्हणाल्या, "येती की, पर गोठ्यातली म्हैस एकटी पडली."