ऐकू येतं, पण कळत नाही!

"सासूबाईंना हवं तेवढं बरोबर ऐकू येतं. कामाचं सांगितलं की मात्र कान बंद!" बचत गटाच्या बैठकीत हे वाक्य हमखास कानावर पडतं. पण मैत्रिणींनो, बहुतेक वेळा हे सोंग नसतं.

आपल्या प्रत्येक कानाच्या आत सुमारे १५ हजार सूक्ष्म केसपेशी असतात. वयानुसार त्या झिजतात आणि गेल्या की परत येत नाहीत. कोळसा खाणीत किंवा गिरणीच्या गोंगाटात वर्षानुवर्षं राबलेल्यांच्या तर लवकरच जातात. त्यातही बारीक, तीक्ष्ण आवाज टिपणाऱ्या पेशी आधी जातात. म्हणून रातकिड्यांची किरकिर हरवते, ढोल मात्र ऐकू येतो.

बोलण्याचंही तसंच. आ, ओ हे स्वर पोचतात. स, श, त, फ ही व्यंजनं गळतात. 'ताट आणा' म्हटलं, तर ताट की पाट, हे आजी अंदाजानेच ठरवतात. शांत घरात अंदाज जमतो. कुकर आणि टीव्ही सुरू असला की चुकतो. 'हवं तेवढं' ऐकू येण्यामागचं गुपित हेच! मग आपण ओरडतो. अशा कानाला हळू आवाज ऐकू येत नाही आणि जरा वाढवला की तो सोसवत नाही. म्हणूनच उत्तर येतं, "ओरडतेस कायले वं?"

आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत तर हा प्रश्न घरापुरता नाही. मोहफुलं, तेंदूपानं गोळा करायला बाया जंगलात जातात. तिथे वाघाची चाहूल लागली की वानरं ओरडतात, सोबतीण हाक मारते. आवाज कुठून आला, हे मेंदू दोन्ही कानांतल्या फरकावरून ठरवतो. एक कान अधू असेल, तर हाक ऐकू येते, दिशा कळत नाही. अशा बाईला कडेला एकटं सोडू नका, घोळक्याच्या मध्ये ठेवा.

घरी समोर बसून, चेहरा दिसेल असं, सावकाश बोला. कानात गरम तेल घालू नका. कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून तपासून घ्या. कधी नुसता मळ काढूनही भागतं. ऑडिओमेट्रीत किती ऐकू येतं ते कळतं, शब्द किती ओळखता येतात याची चाचणी वेगळी असते. यंत्र लावल्यावर सुरुवातीला भांड्यांचा आवाजही कर्कश वाटतो. मेंदूला सवय व्हायला काही आठवडे लागतात, तोवर यंत्र डब्यात ठेवून देऊ नका.

न कळणारा माणूस हळूहळू बोलणंच सोडतो. 'लॅन्सेट' आयोगाच्या २०२० च्या अहवालात कमी ऐकू येणं हा स्मृतिभ्रंशाचा मोठा, पण टाळता येण्याजोगा धोका मानला आहे. तेव्हा टोमणा मारण्याआधी एकदा कान तपासून आणा.