नगरशेठांचे अहमदाबाद

साबरमतीच्या पूर्व तीरावर सुलतान अहमदशहाने १४११ मध्ये वसविलेली अहमदाबाद नगरी २०१७ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाली. हा मान मिळविणारे ते भारतातील पहिले शहर होय. भद्रचा किल्ला, तीन दरवाजा आणि १४२४ मधील जामा मशीद ही तिच्या राजवैभवाची चिन्हे. तिचे गृहजीवन मात्र पाहावे ते पोळवस्त्यांत.

पोळ म्हणजे बहुधा एका ज्ञातीच्या वा व्यवसायाच्या कुटुंबांची गल्ली. तोंडाशी रात्री बंद होणारा दरवाजा, आत कोरीव लाकडी घरे, चौकाखाली पावसाचे पाणी साठविणारे टाके आणि कित्येक ठिकाणी बाहेरून साध्या घरासारखे दिसणारे देरासर. माणसांनाच जेथे जागा अपुरी, तेथेही पक्ष्यांच्या दाण्यासाठी उंच चबुतरा उभारलेला आढळतो.

या नगरीचा एक प्रसंग मराठी वाचकाने आवर्जून जाणावा. १७२५ मध्ये हमीदखानाच्या साहाय्यास आलेल्या मराठी फौजा शहर लुटण्याच्या बेतात होत्या. तेव्हा शांतिदास झवेरी यांचे नातू नगरशेठ खुशालचंद यांनी पदरची मोठी रक्कम देऊन ते अरिष्ट टाळले. कृतज्ञ हिंदू-मुसलमान व्यापाऱ्यांनी बाजारात छाप पडणाऱ्या मालावर शेकडा चार आणे त्यांना वंशपरंपरेने देण्याचे लिहून दिले.

दिल्ली दरवाज्याबाहेरील धर्मनाथ भगवंतांचे शुभ्र संगमरवरी मंदिर १८४८ मध्ये पूर्ण झाले. ते आरंभणारे शेठ हठीसिंह केसरीसिंह १८४५ मध्येच निवर्तले; त्यांच्या पत्नी हरकुंवर शेठाणींनी बावन देवकुलिकांसह ते तडीस नेले.

आज बरीच कुटुंबे नदीपलीकडे राहावयास गेली आहेत. कुलूपबंद घरांची गोदामे होत आहेत, कोरीव खांब व तुळया विकल्या जात आहेत. तरीही काही कुटुंबे सकाळी पूल ओलांडून जुन्या देरासरात पूजेस येतात. खुशालचंदांनी वाचविली ती नगरी समस्तांची होती, म्हणूनच समस्तांनी त्यांचे ऋण मानले. वडिलोपार्जित घराचा सौदा करण्यापूर्वी, त्या ऋणाची नोंद आपल्या चोपडीत कोणत्या बाजूस आहे, हे प्रत्येक घराने एकदा पाहावे.