धाप कशाने मोजावी?

किर्लोस्करवाडीस 1910 साली कारखाना उभा राहिला, कऱ्हाडनजीक ओगलेवाडीत काच वितळू लागली, पुढे कृष्णाकाठी साखर कारखान्यांची धुराडी दिसू लागली आणि विट्यात यंत्रमागांचा खडखडाट सुरू झाला. परंतु ओतकामातील वाळू, साठवणीत बुरसलेले उसाचे बगॅस, म्हणजे चिपाड, आणि सुताची धूळ छातीत गेल्यावर माणसाची कार्यशक्ती किती उणावते, याविषयीच्या आपल्या समजुती मात्र या उद्योगांइतक्या पुढे सरकलेल्या नाहीत.

क्ष-किरणचित्रावर जितके डाग तितकी धाप, ही त्यांतली सर्वांत दृढ समजूत. मिरजेस डॉक्टर वानलेस यांनी 1894 साली रुग्णालय स्थापिले आणि नजीकच क्षयरोग्यांचे आरोग्यधामही झाले, तेव्हा त्या मुलखातील लोकांस अशा डागांत प्रथम क्षयच दिसावा, हे स्वाभाविक आहे. शिवाय वाळूच्या धुळीने होणाऱ्या सिलिकोसिसच्या रोग्यास क्षय जडण्याचा संभव अधिक, म्हणून ती शंका फेडून घेतलीच पाहिजे. पण चित्र दाट असूनही पाळी भरणारे कामगार असतात, आणि विरळ चित्राचे काही जिन्यावर थांबतात.

नळीत फुंकून घेतलेली चाचणी ठीक आली की माणूस धडधाकट, असेही मानले जाते. ती चाचणी उपयुक्त खरीच, पण ती खुर्चीत बसून दिलेली असते. फुप्फुसाच्या सूक्ष्म पडद्यांचा दाह झालेल्या मनुष्याच्या रक्तातील प्राणवायू बसल्या जागी पुरेसा असून श्रम होताच घसरू शकतो. म्हणून फिरत्या पट्ट्यावर वा सायकलीवर श्रम क्रमाने वाढवीत शरीर मिनिटास जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकते, हे मोजावे लागते. आठ तासांच्या पाळीत मनुष्य या कमाल क्षमतेच्या सुमारे 40 टक्क्यांपर्यंतच सुखाने राबू शकतो, असा ढोबळ दंडक आहे. 60 किलो वजनाच्या कामगाराची क्षमता दर किलोमागे 25 मिलिलिटर असेल, तर त्याच्या हाती दिवसभरासाठी मिनिटास 600 मिलिलिटर येतात. ती 15 वर उतरली, तर केवळ 360, आणि त्यांपैकी सुमारे 210 नुसते स्वस्थ बसण्यातच खर्ची पडतात! उरलेल्या दीडशेत वाळूचे फावडे कसे चालावे?

भरपाई ठरविण्यासाठी ही चाचणी घेतली, तर पैशाच्या लोभाने कामगार मुद्दाम लवकर थांबेल, ही मालकपक्षाची तक्रार अगदीच निराधार नाही. मात्र नाडी मंद, श्वासाची क्षमता शिल्लक आणि वापरलेल्या प्राणवायूच्या मानाने उच्छ्वासातील कर्बवायूचे प्रमाण न वाढलेले अशा अवस्थेत तो थांबला, तर प्रयत्न अपुरा होता, असा संशय नोंदींवरूनच येतो. याच नोंदी फुप्फुस थकले, हृदय थकले की सरावच तुटला, यांविषयीही पुष्कळ सांगून जातात. 30 मीटरांच्या सरळ वाटेवर सहा मिनिटे चालविण्याची साधी चाचणी तालुक्याच्या गावीही घेता येते, पण हा भेद तिला करता येत नाही. आणि हृदयविकार अस्थिर असेल, तर यांपैकी कोणतीच चाचणी घेऊ नये.

एक गोष्ट मात्र पट्ट्यावर धावून सिद्ध होत नाही: हा रोग कारखान्यातलाच काय? 1923 सालच्या नुकसानभरपाईच्या कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात सिलिकोसिस, बगॅसोसिस आणि कापसाच्या धुळीचे विकार पुढे नमूद झाले. पण अमुक अर्जदार त्यांत बसतो की नाही, हे त्याने कोणत्या खात्यात, किती वर्षे आणि कसल्या धुळीत काम केले, यावरूनच ठरवावे लागते. सबब चाचणीच्या आकड्यांशेजारी हा तपशील आणि त्याच्या नेहमीच्या कामाला लागणारे श्रम, दोन्ही वैद्यकीय दाखल्यात लिहून घ्यावेत.