जुने ते सोने, पण रबर नव्हे

आमच्या तीर्थरूपांची येझदी अनेक वर्षे गोठ्याच्या कडेला उभी होती. खानापूर तालुक्यात शिक्षक असताना जांबोटी-कणकुंबीकडच्या तांबड्या मातीच्या वाटा त्यांनी याच गाडीने तुडविल्या. पुतण्याने ती पुन्हा त्याच रानवाटांवर चालविण्याचा हट्ट धरला, तेव्हा मी एकच अट घातली: प्रत्येक भाग मूळ कारखान्याचाच हवा. ही अट किती अविचाराची होती, ते पुढे कळले.

म्हैसूरच्या कारखान्यात 1961 पासून या जातीच्या गाड्या तयार होत. 1996 मध्ये तो बंद पडला. 2022 मध्ये येझदी हे नाव बाजारात परत आले खरे, परंतु त्या गाड्यांचे इंजिन सर्वस्वी निराळे. त्यांचे भाग जुनीला चालत नाहीत. म्हणजे आज ‘मूळचा, न वापरलेला’ म्हणून मिळणारा भाग किमान पंचवीस-तीस वर्षे फळीवर पडलेला असतो. एका दुकानदाराने क्रँकच्या ऑइल सीलची अशीच बंद पाकिटे काढून दिली. मला कोण आनंद झाला!

तिसऱ्याच फेरीत, एका चढावर, इंजिन जागीच आवळले. मागचे चाक अडकले, पुतण्या फेकला गेला आणि गळ्याजवळचे हाड मोडून घेऊन घरी आला. मिस्त्रींनी इंजिन उघडले. सीलची कडा वाळलेल्या चामड्यासारखी ताठ होऊन तडकली होती. ते एवढेच म्हणाले, “सर, लोखंड थांबतं, रबर थांबत नाही.”

दोन-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल-हवेचे मिश्रण आधी क्रँकच्या पेटीत शिरते. सील फाटले की बाहेरची हवा आत ओढली जाते व मिश्रण पातळ होते. वंगणाचे तेल पेट्रोलमध्येच मिसळलेले असल्यामुळे तेही त्या प्रमाणात कमी पडते. दट्ट्या तापतो, फुगतो आणि सिलिंडरला चिकटतो.

दुसऱ्या खेपेस आम्ही भागांची वर्गवारी केली. इंजिनाचे कवच, चाकांचे हब, सांगाडा ही ओतीव वा जाड धातूची अंगे तडा नसल्यास मूळचीच ठेवली. स्वस्त नकलांपेक्षा ती सरस असतात. सील, पेट्रोलची नळी, टायर-ट्यूब मात्र ताज्या बनावटीचे घेतले. आजच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलात जुन्या नळ्या लवकर खराब होतात, हेही ध्यानात ठेवले. दट्ट्या घेण्यापूर्वी सिलिंडर मोजून घेतले. मूळ व्यास 65 मिलीमीटर. झीज पाहून त्याच्या वरच्या मापाचा दट्ट्या आणला आणि त्या दट्ट्यास जुळेल असेच बोअरिंग करविले. चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकदमच बदलली, कारण झिजलेल्या दात्यांवर नवी चेन फार दिवस टिकत नाही. ब्रेकच्या पट्ट्या नव्या लावल्या. ड्रम गोल आहे की नाही, तेही तपासून घेतले.

पुतण्या आता बरा आहे. गाडीही जांबोटीपर्यंत जाऊन येते. ज्यांच्या घरी अशी एखादी गाडी उभी असेल, त्यांनी भाग घेताना तो कोणत्या कारखान्याचा हे जरूर विचारावे. पण रबराचा असेल, तर कोणत्या साली बनला हे आधी विचारावे. मी ते विचारले नाही, आणि त्याची किंमत मुलाने मोजली.