एसीचा गॅस ‘संपत’ नाही, तो निसटतो! कॉपर पाइपचा जोड नीट कसा करतात, हे प्रत्येक घराने समजून घ्यावे

रमजान जवळ आला की मोहल्ल्यात दोन कामं हमखास निघतात. एक रंगरंगोटी आणि दुसरं मशिदीच्या एसीची सर्व्हिसिंग. आमच्याकडे सलग दोन वर्षं एकच वाक्य ऐकायला मिळालं, “गॅस संपलाय, भरावा लागेल.” दोन्ही वेळा चंद्याच्या पैशातून गॅस भरला. दोन्ही वेळा तरावीह संपेपर्यंत थंडावा टिकला आणि पावसाळ्यानंतर पुन्हा नुसता वारा यायला लागला.

तिसऱ्या वर्षी आखाती देशात बरीच वर्षं एसीचं काम करून परतलेले एक बुजुर्ग कारागीर आले. त्यांनी गॅसचा सिलिंडर उघडलाच नाही. आधी साबणाचा फेस करून आउटडोअर युनिटच्या मागच्या पितळी नटांवर लावला. एका नटापाशी बारीक बुडबुडे येऊ लागले. नट खोलला तर आतल्या तांब्याच्या पाइपच्या तोंडाला चीर गेलेली. पाइपचं तोंड कापून नवं केलं, व्हॅक्यूम मारला, गॅस वजन करून भरला. त्यानंतर त्या एसीला आजपर्यंत गॅस लागलेला नाही.

मूळ फिटिंग करणारा मुलगा आमच्याच शाळेत शिकलेला होता. मेहनती, नमाजी. त्याने कुणाला फसवलं नव्हतं. त्याला ते काम नीट कुणी शिकवलंच नव्हतं. म्हणून हा लेख घरमालकांसाठी आहे, मशिदीच्या ट्रस्टींसाठी आहे आणि पाना हातात घेतलेल्या आपल्या मुलांसाठीही आहे.

गॅस म्हणजे पेट्रोल नव्हे

गाडी चालली की पेट्रोल जळतं, चूल पेटली की सिलिंडर रिकामा होतो. एसीचा गॅस असा जळत नाही, खर्चही होत नाही. तो बंद नळीत गोल गोल फिरतो. घरातल्या युनिटमध्ये त्याची वाफ होते आणि ती होताना तो खोलीतली उष्णता शोषून घेतो. बाहेरच्या युनिटमध्ये कॉम्प्रेसर त्याला दाबतो. तिथे उष्णता सोडून तो पुन्हा द्रव होतो आणि आत येतो.

घरातला फ्रिज आठवा. तोही याच तत्त्वावर चालतो. दहा-पंधरा वर्षं एकदाही गॅस न भरता चाललेले फ्रिज आपल्या घरोघरी आहेत. कारण त्याचे सगळे जोड कारखान्यात पक्के केलेले असतात. स्प्लिट एसीचं तसं नाही. त्याचा आतला भाग वेगळा, बाहेरचा वेगळा. गॅस आउटडोअरमध्ये व्हॉल्व्हमागे बंद करून येतो आणि दोन्ही भाग जोडायचं काम आपल्या गॅलरीत, शिडीवर उभं राहून होतं. दोन पाइप, त्यांची चार टोकं, म्हणजे निदान चार जोड.

तेव्हा कुणी “गॅस संपला” म्हणालं तर पुढचा प्रश्न एकच, “तो गेला कुठून?” गळती शोधल्याशिवाय गॅस भरणं म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणं.

प्रत्येक गळती जोडातूनच होते असंही नाही. समुद्राकाठी, उघड्या गटाराजवळ किंवा जास्त दमट जागी कॉइलचं तांबंही खराब होतं आणि त्याला बारीक छिद्रं पडतात. पण शोध घेण्याची पहिली जागा हे चार जोडच.

जोड कसा असतो?

या जोडाला फ्लेअर म्हणतात. पाइपचं तोंड नरसाळ्यासारखं ४५ अंशांत फाकवायचं, ते पितळी कोनावर बसवायचं आणि वरून नट आवळायचा. धातूवर धातू दाबून बसतो, मध्ये रबर नाही, वॉशर नाही. इथे टेफ्लॉन टेप किंवा एम-सील लावणारा कारागीर दिसला तर समजावं की तो नळाचं काम आणि एसीचं काम यात गल्लत करतोय.

चांगला कारागीर हे काम असं करतो.

पाइप करवतीने कापत नाही, पाइप कटरने कापतो. करवतीने तोंड वाकडं होतं आणि तांब्याचा भुसा आत जातो. हाच भुसा पुढे कॉम्प्रेसरपर्यंत पोहोचतो.

कापल्यावर आतल्या कडेची धार रीमरने काढतो. त्या वेळी पाइपचं तोंड खाली धरतो, म्हणजे कीस आत न पडता जमिनीवर पडतो.

फ्लेअर करण्याआधी नट पाइपमध्ये ओवतो. हे विसरलं की केलेलं तोंड कापून पुन्हा करावं लागतं. घाईत असलेला माणूस तिथेच चिडतो आणि पुढचं तोंड बिघडवतो.

फ्लेअर झाल्यावर ते उजेडात धरून पाहतो. कड सगळीकडे सारखी हवी. चीर, ओरखडा किंवा एका बाजूला जास्त फाकलेलं तोंड दिसलं तर कापून नवं करायचं. यात दोन इंच पाइप जातो, पण पुढचा गॅस वाचतो.

जोडताना फ्लेअरवर रेफ्रिजरेशन तेलाचा एखादा थेंब लावतो आणि नट आधी हातानेच फिरवतो. हाताने सहज फिरत नसेल तर पाइप सरळ बसलेला नाही. तसाच पाना लावला तर आटे जातात.

शेवटी दोन पाने घेतो. एकाने युनिटचा जोड धरायचा, दुसऱ्याने नट आवळायचा. एकाच पान्याने ओढलं तर आतली नळी पिळली जाते.

किती आवळायचं? इथेच बहुतेक चुका होतात. “जितकं घट्ट तितकं चांगलं” असं आपल्याला वाटतं. पण तांबं मऊ असतं. जास्त आवळलं की फ्लेअर पातळ होतो, चिरतो. सैल राहिलं तर थरथरीने गळतं. म्हणून टॉर्क पाना वापरतात. ठरलेला जोर झाला की तो ‘टक’ असा आवाज देतो. साधारण हिशोब असा: दोन सुती म्हणजे पाव इंची पाइपला १४ ते १८ न्यूटन-मीटर, तीन सुतीला ३४ ते ४२, चार सुती म्हणजे अर्ध्या इंचीला ४९ ते ६१. नेमका आकडा कंपनीच्या पुस्तिकेत दिलेला असतो आणि तोच पाळायचा.

व्हॅक्यूमचा अर्धा तास

जोड झाले की पाइपमध्ये काय असतं? आपल्या खोलीतली हवा आणि तिच्यातला ओलावा. हे दोन्ही एसीचे दुश्मन. हवा गॅससारखी द्रव होत नाही, ती आत जागा अडवते. त्यामुळे दाब वाढतो, वीज जास्त लागते. ओलावा बारीक नळीत गोठू शकतो. तेलात मिसळून आम्ल तयार करतो आणि ते कॉम्प्रेसरला आतून खातं.

म्हणून आधी रेग्युलेटर लावून कोरडा नायट्रोजन भरतात आणि जोडांवर साबणाचा फेस लावून गळती तपासतात. इथे एक गोष्ट कायम लक्षात ठेवा. या तपासणीसाठी ऑक्सिजनचा सिलिंडर कधीही लावायचा नाही. तेल आणि दाबाखालचा ऑक्सिजन एकत्र आले की स्फोट होतो.

मग नायट्रोजन सोडून देऊन व्हॅक्यूम पंप लावतात. आम्ही वर्गात मुलांना सांगतो की कुकरमध्ये दाब वाढतो, म्हणून पाणी १०० अंशांच्या वर उकळतं. उंच डोंगरावर दाब कमी, तिथे ते १०० च्या आधीच उकळतं. पंप दाब इतका खाली आणतो की पाइपमधलं पाणी खोलीच्या तापमानालाच उकळतं आणि वाफ होऊन बाहेर ओढलं जातं. म्हणजे व्हॅक्यूम नुसती हवा काढत नाही, पाइप आतून वाळवतो.

याला वेळ लागतो. घरगुती एसीला वीस मिनिटं ते अर्धा तास धरा. डिजिटल मीटर असेल तर ५०० मायक्रॉनच्या खाली जायला हवं. मग पंप बंद करून दहा-पंधरा मिनिटं थांबायचं. काटा जागेवर राहिला तर जोड पक्का. काटा वर चढत राहिला तर गळती आहे किंवा ओलावा शिल्लक आहे. याची खात्री झाल्यावरच ॲलन कीने आउटडोअरचे व्हॉल्व्ह उघडून गॅस सोडतात.

हा अर्धा तास वाचवण्यासाठी बरेच जण युनिटमधलाच थोडा गॅस सोडून त्याच्या जोराने हवा बाहेर ढकलतात. यात मोजून भरलेला गॅस कमी होतो, ओलावा तसाच राहतो आणि आजच्या गॅससोबत धोकाही आहे.

नवा गॅस, नवी काळजी

जुन्या एसीत आर-२२ असायचा. तो ओझोन थराला हानी करतो, म्हणून १९८७ च्या माँट्रियल करारानुसार तो टप्प्याटप्प्याने बंद होत आला. आज घरगुती एसीत बहुतेक आर-३२ असतो. तो ओझोनला धक्का लावत नाही, पण त्याचा दाब आर-२२ पेक्षा दीडपटीहून जास्त असतो. जुन्या काळी चालून गेलेला कच्चा जोड आता चालत नाही.

दुसरं म्हणजे आर-३२ सौम्य ज्वलनशील आहे आणि ज्वाळेत सापडला तर विषारी वायू तयार होतो. काही एसीत आर-२९० म्हणजे प्रोपेन असतो, तो तर सरळ पेट घेणारा. म्हणून काम चालू असताना बिडी-सिगारेट नको, खिडक्या उघड्या हव्यात आणि गॅस असलेल्या पाइपवर वेल्डिंगची ज्योत कधीही धरू नये.

तिसरी गोष्ट हवामानाची. हवेत सुटलेला एक किलो आर-३२ शंभर वर्षांच्या हिशोबात सुमारे ६७५ किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता धरून ठेवतो. घरगुती एसीत साधारण एक किलोच्या आगेमागे गॅस असतो. आपल्या गॅलरीतला एक सैल नट एवढं नुकसान करू शकतो.

गरम-थंड एसी

काही घरांत ‘हॉट अँड कोल्ड’ एसी आले आहेत. इंग्लंड-युरोपात राहणारे आपले नातेवाईक ज्याला हीट पंप म्हणतात, ते याच जातीचं यंत्र. हिवाळ्यात आतला एक व्हॉल्व्ह गॅसची दिशा उलटवतो. बाहेरच्या हवेतली उष्णता आत आणली जाते. उन्हाळ्यात गार असणारा जाड पाइप तेव्हा गरम आणि जास्त दाबाचा होतो. त्यामुळे जोडाने थंडी आणि गरमी दोन्ही सोसायला हवीत. आवरणही दोन्ही पाइपना वेगवेगळं हवं, एकाच पट्टीत दोन उघडे पाइप गुंडाळायचे नाहीत.

कारागिराला काय विचारावे?

काम ठरवतानाच, अदबीने पण स्पष्ट विचारा:

– व्हॅक्यूम पंप आणणार का? त्याचा वेळ मजुरीत धरला आहे का?
– टॉर्क पाना आहे का?
– फ्लेअर जोड भिंतीत किंवा पक्क्या सिलिंगमध्ये गाडला जाणार नाही ना? पुढे तपासायला तो हाताशी हवा.
– सोबत आलेल्या पाइपपेक्षा लांबी वाढली तर पुस्तिकेप्रमाणे जादा गॅस वजन करून भरणार का?
– गॅस पुन्हा भरायची वेळ आली तर आधी गळती शोधणार का?
– बाहेर उंचावर काम करताना सेफ्टी बेल्ट आहे का? नसेल तर काम थांबवा. चार पैसे आणि दोन तास कुणाच्या मुलाच्या जिवापेक्षा मोठे नाहीत.

आणि आपणही घासाघीस करताना विचार करावा. आपण मजुरी इतकी पाडली की त्याला दिवसात सहा एसी बसवावे लागतात, तर व्हॅक्यूमचा अर्धा तास तो आणणार कुठून?

आपल्या मुलांसाठी

आपल्या वस्त्यांतली कितीतरी मुलं शाळा सुटली की एखाद्या उस्तादाच्या हाताखाली एसीचं काम शिकतात. उस्तादाला जेवढं येतं तेवढंच शागिर्दाला येतं. उस्ताद व्हॅक्यूम मारत नसेल तर शागिर्दही मारत नाही. ही साखळी तोडायची तर दहावीनंतर आयटीआयचा दोन वर्षांचा रेफ्रिजरेशन अँड एअर कंडिशनिंग टेक्निशियन हा कोर्स आहे. तिथे हाताच्या हुनरासोबत त्यामागचं कारणही शिकवतात. पालकांनी याला ‘कमी शिकलेल्यांचं काम’ समजू नये.

सूरह अल-मुतफ्फिफीनची सुरुवातच मापात कमी देणाऱ्यांना ताकीद देऊन होते. आपण ती वाण्याच्या तराजूपुरती समजतो. पण मजुरी पूर्ण घेऊन व्हॅक्यूम न मारणं, गळती न शोधता गॅसचं बिल फाडणं, हीही मापातली खोटच आहे. विशेषतः पैसा जमातीचा असेल तेव्हा, कारण तो अमानत आहे.

आमचा तो विद्यार्थी त्या दिवशी बुजुर्ग कारागिरांशेजारी उभा राहून सगळं पाहत होता. काम संपल्यावर त्याने एकच विचारलं, “चाचा, हा पंप केवढ्याला मिळतो?” पुढच्या महिन्यात त्याने जुना पंप विकत घेतला. आता कुणी घाई केली तर तो सांगतो, “अर्धा तास लागेल, नाहीतर दुसरा माणूस बघा.” अल्लाह त्याच्या रोजीत बरकत देवो. आपणही त्याला तो अर्धा तास देऊ या.