क्ष शून्य, मग य शून्य

अंबरनाथ पूर्वेला, शिवमंदिराच्या रस्त्यावरच्या एका शिकवणीत दहावीची मुलं आलेख काढत बसली आहेत. फळ्यावर समीकरण आहे : २क्ष + ३य = १२. क्ष शून्य ठेवला की य येतो ४; य शून्य ठेवला की क्ष ६. (०, ४) आणि (६, ०) जोडले की झाली रेषा.

आकडेमोड तोंडी होते. अडतं ते पेन्सिल टेकवताना. क्ष शून्य म्हटलं की हात हमखास क्ष-अक्षाकडे जातो. खरं तर क्ष शून्य असलेले सगळे बिंदू य-अक्षावर असतात. बाई रागावत नाहीत, तिसरा बिंदू काढायला लावतात. क्ष ३, तर य २. ज्यांनी (४, ०) आणि (०, ६) जोडलेत, त्यांच्या रेषेवर (३, २) काही केल्या बसत नाही. मग खोडरबर शोधायची धांदल.

शून्य ठेवायची ही युक्ती कुठे लावू नये, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. ५क्ष − ७य = ३ घ्या. छेदनबिंदू (३/५, ०) आणि (०, −३/७). एकक एक सेंटिमीटर धरलं, तर दोघांत सेंटिमीटरभरही अंतर नाही; टोक जरा बोथट असलं तरी रेषा पुढे भलतीकडेच जाते. तिथे (२, १) आणि (−५, −४) बरे. ३क्ष − २य = ० मध्ये तर दोन्ही वेळा आरंभबिंदूच हाती येतो, आणि एका बिंदूतून रेषा हव्या तितक्या जातात.

मंदिर शके ९८२ चं, म्हणजे इ.स. १०६० चं. ते पाहायला येणारे स्टेशनवरून रिक्षा करतात. इथे बहुतेक शेअर. पण मुंबई महानगरात २०२५ च्या फेब्रुवारीत लागू झालेला मीटरचा दर घेऊ : पहिल्या दीड किलोमीटरला २६ रुपये, पुढे किलोमीटरला १७.१४. आडव्या अक्षावर अंतर, उभ्यावर भाडं. पुढची तिरकी रेषा मागे वाढवली, तर उभ्या अक्षाला कुठे छेदेल? सगळे एका सुरात म्हणतात, २६! करून बघा : दीड गुणिले १७.१४ म्हणजे २५.७१. उरतात २९ पैसे. किमान भाड्याची रेषा आडवी आहे, ती दीड किलोमीटरवर संपते, आणि आलेखाला तिथे कोपरा येतो. सरावसंचात असं एखादं उदाहरण हवं.