ओसरी आणि माजघर : संगणकाच्या जाळ्यातील निर्लष्करी पट्टा

२७ जुलै १९५३ रोजी कोरियात युद्धबंदीचा करार झाला आणि दोन्ही सैन्यांमध्ये सुमारे ४ किलोमीटर रुंदीचा निर्लष्करी पट्टा राखण्यात आला. हेच नाव पुढे संगणकाच्या शास्त्राने उचलले. मात्र नाव एक असले तरी काम वेगळे आहे. कोरियातील पट्टा माणसांना दूर ठेवण्यासाठी आहे. जाळ्यातील पट्टा परक्यांना सामोरे जाण्यासाठी असतो.

एखादी बँक घेऊ. तिचे संकेतस्थळ कोणालाही उघडता आले पाहिजे. खातेदारांच्या नोंदी मात्र कोणाच्याही हाती लागता कामा नयेत. जुन्या वाड्यांनी हा पेच आपल्या परीने सोडविला होता. आल्यागेल्याला ओसरी मोकळी. माजघराचा उंबरठा घरच्यांनीच ओलांडावयाचा. पाहुण्याला तहान लागली तर तांब्या बाहेर येई, पाहुणा आत जात नसे. निर्लष्करी पट्टा म्हणजे ही ओसरी होय.

ओसरीच्या दोन्ही अंगांना पहारा हवा. तो फायरवॉल करते. आग एका घरातून दुसऱ्या घरात पसरू नये म्हणून बांधलेली भिंत, हा या शब्दाचा मूळ अर्थ. जाळ्यातील फायरवॉल माहितीचे प्रत्येक पुडके कोठून आले, कोठे चालले आणि कोणत्या दारावर थाप देत आहे, हे पाहते. प्रत्येक संगणकाला अशी ६५,५३५ क्रमांकित दारे असतात. म्हणून पहिला नियम असा की, ज्याला स्पष्ट परवानगी नाही ते सारे बंद. बाहेरच्या भिंतीने संकेतस्थळाचे ४४३ क्रमांकाचे दार तेवढे उघडावे. आतल्या भिंतीने ओसरीवरील संगणकाला फक्त नेमलेल्या माहितीसंग्रहाशी, नेमलेल्या दारानेच बोलू द्यावे. ओसरीवरून बाहेर जाणाऱ्या वाटाही अशाच मोजक्या असाव्यात. कारण चोराला आत येण्याइतकेच ऐवज घेऊन जाणेही आवश्यक असते.

येथे कोणी विचारील की, बाहेरची भिंत भक्कम असताना आतल्या भिंतीचा खर्च कशाला? याचे उत्तर अमेरिकेतील इक्विफॅक्स या कंपनीच्या उदाहरणात सापडते. लोकांच्या पतीची माहिती राखणे हा तिचा व्यवसाय. ग्राहकांच्या तक्रारी घेणारे तिचे संकेतस्थळ अर्थातच सर्वांना खुले होते. ते ज्या प्रणालीवर चाले तिच्यातील दोष मार्च २०१७ मध्ये जाहीर झाला; त्यावरचा उपायही उपलब्ध होता, पण तेथे तो केला गेला नाही. मे महिन्यात चोर त्याच खुल्या दाराने आले. फायरवॉलच्या दृष्टीने ते इतर ग्राहकांसारखेच होते!

खरा अनर्थ त्यानंतर घडला. आत अडविणारी भिंत नव्हती. परवलीचे शब्द उघड्या अक्षरांत लिहिलेले सापडले, आणि तक्रारींशी संबंध नसलेल्या ४८ माहितीसंग्रहांपर्यंत चोर पोहोचले. सुमारे ९,००० वेळा त्यांनी माहिती विचारली. ये-जा तपासणारे यंत्र होते. पण त्याच्या प्रमाणपत्राची मुदत संपून कित्येक महिने लोटल्यामुळे ते आंधळे झाले होते. २९ जुलैला प्रमाणपत्र बदलताच संशयास्पद वाहतूक दिसू लागली. तोवर सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती गेली होती.

यावरून आम्हांस एकच गोष्ट सांगावयाची आहे. ओसरीवरील संगणक आज ना उद्या शत्रूच्या हाती जाईल, असे धरूनच पट्ट्याची आखणी केली पाहिजे. आतल्या भिंतीने त्याला आपला म्हणून सोडू नये. त्याच्यावरच अधिक नजर ठेवावी. त्याच्या दुरुस्त्या वेळेवर कराव्यात, ये-जा नोंदवावी आणि ती नोंद रोज कोणी तरी वाचावी.

आपली बँक, आपले रुग्णालय, आपली नगरपालिका यांच्याकडे आपली माहिती आहे. त्यांच्या कारभाऱ्यांना ‘फायरवॉल आहे काय?’ असे विचारल्यास ‘आहे’ असेच उत्तर मिळेल. त्याऐवजी आपण असे विचारावे : ‘बाहेरचा संगणक चोराच्या ताब्यात गेला, तर तेथून तो आत कोठवर जाऊ शकेल?’ या प्रश्नाला ज्यांच्यापाशी नेमके उत्तर आहे, त्यांच्या घराला माजघर आहे असे समजावे.